मामांनी टॅब्लेट तपासायला घेतला

माझे सासरे मारुतराव यांनी सत्तावीस वर्षं फौजेत माल तपासला. म्हणजे जवानांसाठी आलेले बूट, स्वेटर, मच्छरदाण्या, पाण्याच्या बाटल्या. लॉटमधून नमुना काढायचा, तो भिजवायचा, ताणायचा, आपटायचा आणि मग वहीत दोन ओळी लिहायच्या. सुभेदार होऊन निवृत्त झाले, दिल्ली छावणीतलं क्वार्टर सोडून आमच्याकडे नोएडाला राहायला आले, पण हात काही स्वस्थ बसले नाहीत. मी नवा कुकर आणला तर आधी त्याचं झाकण दहादा उघडून बघणार. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात, तेव्हा पुढेही मी तसंच म्हणेन.

अशा माणसाच्या हातात मी सहा हजारांच्या आतला टॅब्लेट ठेवला. चूक माझीच.

टॅब्लेट कशासाठी, तेही सांगते. माझी नणंद राजनंदिनी कॅनडात. पहिलं बाळंतपण, डिसेंबरची तारीख, नवरा दिवसाआड रात्रपाळीला आणि तिथे आपलं म्हणावं असं कोणी नाही. आत्यांनी पाच महिने जाऊन राहायचं ठरत होतं. मामांना नेता येत नव्हतं, कारण मार्चमध्ये त्यांची बायपास झाली होती आणि एवढा लांबचा प्रवास वर्षभर नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्यांची एकच अट होती. "ह्यांचं तोंड मला रोज दिसलं पाहिजे. नुसता फोन नको. फोनवर हे खोटं बोलतात."

युवराजचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, लॅपटॉप रोज ऑफिसला जातो. मामांचा फोन बटणांचा. म्हणून टॅब्लेट. महागातला मामांनी घेऊ दिला नाही. "पाच महिन्यांसाठी कशाला?" म्हणत त्यांनी काचेआडच्या सगळ्यात स्वस्त डब्यावर बोट ठेवलं. कंपनीचं नाव मी सांगत नाही, सांगितलं तरी तुम्ही ते ऐकलेलं नसेल. सेक्टर अठरातला दुकानदार म्हणाला, "अंकलजी, सात दिन चला के देखो. पसंद न आए तो वापस." अंकलजी कोण आहेत हे त्या बिचाऱ्याला कुठे माहीत होतं!

मामांनी वही काढली. सोमवारी टॅब्लेट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चढला. मंगळवारी बाल्कनीतल्या उन्हात ठेवून त्यात काय दिसतं ते पाहिलं. काही दिसत नव्हतं. बुधवारी पूर्ण चार्ज करून समोर घड्याळ मांडलं. बॅटरीने दोन तास दहा मिनिटांत मान टाकली. गुरुवारी मी ऑफिसातून आले, तर आत्यांनी दारातच बातमी दिली. "आज पाडला गं. गादीवरच पाडला, पण पाडला."

खरं बोलायचं तर मामांचं काही चुकत नव्हतं. टॅब्लेट भिकार होता. बोट एकीकडे लावावं आणि उघडावं भलतंच. पुढच्या कॅमेऱ्यात माणूस असा काळाठिक्कर दिसायचा की घरच्यांची ओळखपरेड घ्यावी लागेल. मी म्हटलं, "मामा, मग चला, थोडे पैसे जास्त घालू आणि चांगला घेऊ." तर त्यालाही तयार नाहीत. आम्ही दुकानात गेलो, तर एकाची काच चकाकते म्हणे, दुसरा हातात बसत नाही. तिसरा त्यांनी डब्यातून बाहेर न काढताच नापास केला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टॅब्लेट पास झाला की आत्या जाणार. नापास झाला की राहणार. बाकी वजन, बॅटरी, काच सगळं सांगायला होतं.

मला रागच आला. मी तापट आहे, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडे एक पोरगी आठव्या महिन्यात एकटीने बर्फातून दवाखान्याच्या खेपा घालते आणि हे इकडे टॅब्लेट गादीवर पाडत बसलेत! एजंटने तिकीट रविवारी संध्याकाळपर्यंतच धरून ठेवलं होतं. मी युवराजला म्हटलं, "तुझे बाबा मुद्दाम करताहेत."

"यार शिवांजली, मला कळत नाही का? पण त्यांना बोलणार कोण?" तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. आमच्या घरात खरं बोलायचं काम दर वेळी सुनेकडे येतं.

शनिवारी सकाळी आत्या भाजीला खाली उतरल्या तशी मी मामांसमोर जाऊन बसले. म्हटलं, "मामा, सरळ सांगा. त्यांनी जाऊ नये असं वाटतंय ना तुम्हाला?"

मला वाटलं होतं, खवळतील. ते टॅब्लेट फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "मी बारा वर्षं हिला सोडून लांब राहिलो. कधी लेहला, कधी तेजपूरला. जाणाऱ्याला काम असतं गं, त्याचा दिवस जातो. ही मागे कशी राहत होती, ते मी कधी विचारलं नाही. आता माझ्यावर वेळ आली तर मला धीर होत नाही."

"मग हे त्यांना सांगा ना."

"सांगितलं तर ती जायचीच नाही," ते म्हणाले. "आणि तिकडे नंदीचं काय?"

म्हणजे सांगायचंही नाही आणि सोडायचंही नाही. टॅब्लेटवर सगळं ढकललं की कोणाचं नाव यायला नको. माझा राग तिथेच विरला. इतका कडक माणूस, एवढ्याशा यंत्रामागे लपून बसला होता. मला त्यांची फार माया आली. पण तिकीट रविवारपर्यंतच होतं, त्याला मी काय करणार?

रविवारी युवराजला ऑफिसात काम निघालं. सकाळी मामांनी जाहीर केलं की आज शेवटची तपासणी, समोरासमोर बोलण्याची. आत्या माझा फोन घेऊन स्वयंपाकघरात, मामा टॅब्लेट घेऊन बेडरूममध्ये. आत्यांनी सवयीने फोन कानाला लावला. टॅब्लेटवर एक भलामोठा कान आणि त्यातली कुडी दिसू लागली.

"कान आला," मामा ओरडले. "कान ठीक आहे. बाकीची कुठे आहेस?"

आत्यांना फोन समोर धरायला मी शिकवलं. तोंड दिसलं, आवाज आला. मी विजयी मुद्रेने मामांकडे पाहिलं. तर म्हणतात कसे, "ही काय टेस्ट झाली? भिंतीपलीकडून आवाज तसाच येतो. लांबून घेतली पाहिजे." मग जरा खोकून हळूच म्हणाले, "पण लांब कोण जाणार? हिला एकटीला तर सवय नाही."

डाव साधा होता. आत्या तीस वर्षं दिल्लीत राहिल्या, पण फौजेच्या बसमध्ये, नाहीतर मामांच्या पाठोपाठ. मेट्रोत त्या चार-पाच वेळा बसल्या असतील, तेही माझा हात धरून. मामांनी हिशोब केला होता की आत्या नाही म्हणतील, टेस्ट राहील आणि संध्याकाळ होईल.

आत्यांनी गॅस बंद केला. "कुठवर जाऊ?" म्हणाल्या.

मामा वहीची पानं चाळू लागले. "अक्षरधाम," मी म्हटलं. "अर्ध्या तासाच्या आत. मी येते बरोबर."

"विमानात काय तू येणार आहेस?" आत्या म्हणाल्या. त्यांनी साडी बदलली, माझं मेट्रो कार्ड रुमालात बांधलं, फोन पर्समध्ये टाकला आणि मामांना दोन वाक्यं सांगितली. वरण गरम करून ठेवलंय. बारा वाजता गोळी घ्या. मग त्या एकट्या सेक्टर पंधराच्या स्टेशनकडे निघून गेल्या.

मामा साडेअकरापासून टॅब्लेटसमोर. पावणेबारा वाजले, बारा वाजले, एक वाजला. अक्षरधामला पोचून चहा पिऊन परत येण्याइतका वेळ झाला. मी मामांच्या बटणांच्या फोनवरून लावून पाहिलं, तर 'पहुँच से बाहर'. मामा उठले, बाल्कनीत गेले, आले, पुन्हा गेले. वरण तसंच, गोळी तशीच. मी म्हटलं, "मामा, जेवून घ्या." त्यांनी ऐकलंच नाही.

"मीच पाठवलं," ते एकदा म्हणाले. त्यांचा हात छातीवर गेला, जिथे टाके होते तिथे, आणि मीही घाबरले. युवराजला फोन करायला मी उठले आणि तेवढ्यात टॅब्लेट वाजला.

आत्या कुठल्यातरी उघड्या फलाटावर उभ्या होत्या. केस विस्कटलेले, कपाळावर घाम आणि चेहरा असा फुललेला की मला पहिल्यांदा त्यांचं तरुणपण डोळ्यांसमोर आलं. "अहो, मी करोलबागला आहे!" त्या ओरडल्या. "डब्यात एक सरदारीणबाई भेटल्या. त्यांचीही मुलगी कॅनडात. त्या म्हणाल्या, तिकडच्या थंडीला इथून लोकर न्या, बिल्कुल असली मिळते. मला त्या दुकानातच घेऊन गेल्या. जमिनीखालून गाडी जाते ना, तिथे फोनच लागेना. हे बघा!" त्यांनी पिवळ्या लोकरीची पिशवी कॅमेऱ्यासमोर नाचवली. "बाळाला टोपरी, मोजे, सगळं होईल ह्यात."

मग त्या थांबल्या. फोन अगदी जवळ धरून बघू लागल्या.

"तुमचं तोंड असं का झालंय? गोळी घेतली नाही ना?"

"घेतली," मामा म्हणाले.

"नाही घेतली. जेवलाही नाहीत." आत्यांचा आवाज उतरला. मला त्या पडद्यावर जिथे नुसता काळा ठिपका दिसला असता, तिथे त्यांना सगळं दिसलं होतं. "दोन तास मी घरात नाही, तर ही दशा. पाच महिने काय कराल? राहू दे. मी नंदीला सांगते, तिच्या सासूला बोलव म्हणून. मला नाही जायचं."

मामांना हेच हवं होतं. सहा दिवस त्यांनी टॅब्लेट उन्हात ठेवला, पाडला, तोलला, तो ह्या एका वाक्यासाठी. आता त्यांनी गप्प बसायचं होतं, एवढंच. मी माझी जीभ दातांखाली धरली, कारण मी बोलले असते तर काहीतरी भलतं बोलले असते.

मामांनी टॅब्लेट उचलला आणि खिडकीशी गेले. टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून तो उभा केला, म्हणजे उजेड त्यांच्या तोंडावर येईल. शर्टाचं वरचं बटण लावलं. ओला हात केसांवरून फिरवला. मग खुर्चीत ताठ बसले आणि हसले. फौजेतल्या एकाही फोटोत मामा हसलेले नाहीत. लग्नाच्या फोटोतही नाहीत. आता सगळे दात दिसत होते.

"आता बघ," ते म्हणाले. "तिकडे उजेड नव्हता म्हणून तसं दिसलं. मी ठणठणीत आहे. तू जा, कृष्णा. पोरीला तू पाहिजेस."

मी त्यांच्या तोंडून आत्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पलीकडून आत्यांनी हळूच विचारलं,

"आणि तुम्ही?"

"मी काय, जेवीन, गोळी घेईन, रोज सकाळी अंघोळ करून इथे येऊन बसेन. तू बघत जा. ह्यात सगळं चांगलं दिसतं."

आत्या काहीतरी बोलणार तोच चित्र अडकलं. पिशवी धरलेला हात अर्धवट वर, डोळे मिटत आलेले. आवाजही गेला. मी टॅब्लेटकडे हात नेला.

"हात लावू नकोस," मामा ओठ न हलवता म्हणाले. हसू तसंच होतं. "मला ती दिसत नाही. पण तिला मी दिसत असेन."

"मामा, कॉल अडकलाय."

"असू दे."

ते हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी खाली आलं, गालावरून बटणापर्यंत गेलं, तरी त्यांनी ते पुसलं नाही. त्या कॅमेऱ्यात पाणी दिसलं नसतं, पण पुसणारा हात दिसला असता. पाच मिनिटं झाली, सात झाली. ताठ बसून, दात दाखवत, मामा त्या थांबलेल्या चित्राकडे बघून हसत राहिले.

मग तसेच, तोंड न हलवता, मला म्हणाले, "दुकानदाराला कळव, हा ठेवून घेतला. आणि युवराजला म्हणावं, तिकीट काढ."