तीन आटे

सायकलवाल्याची लेक टेनिसमध्ये नाव काढेल असं कुणी म्हटलं असतं, तर सायकलवाल्याने त्याला हसतहसत दुकानाबाहेर काढलं असतं. त्याच्या अंगावर बारा महिने ग्रीस, आणि लेक जन्मापासून कमरेखाली अधू. पण घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे ते उगाच नाही. पाच वर्षांची असताना तिने चाकांच्या खुर्चीत बसून स्वयंपाकघरात अशी गिरकी घेतली होती की आईच्या हातातलं पातेलं खाली आलं. दहाव्या वर्षी हातात रॅकेट आली आणि सोळाव्या, सतराव्या वर्षी ती लागोपाठ मुलींच्या गटात पहिली आली. तेव्हापासून दुकानात टायरांच्या मधोमध दोन चषक उभे होते. पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाची ती गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

आता भिंगरी एकोणीस वर्षांची झाली होती, मोठ्या बायकांच्या गटात खेळत होती आणि हरत होती.

हरायचीही एकाच तऱ्हेने. खुर्चीवरच्या टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे पडले तरी चालतात, बाकी खेळ तोच. समोरच्या बायका मुरलेल्या. त्या चेंडू उंच उडवून बरोबर तिच्या खांद्यामागे टाकायच्या. तो घ्यायचा तर खुर्चीसकट मागे रेलावं लागतं. भिंगरी रेलायला जायची आणि मध्येच अडायची.

आता ती का अडायची, ते सांगतो. खेळाच्या खुर्चीला पाठीमागे एक बारकं चाक असतं, खुर्ची मागे उलटू नये म्हणून. ते आट्यांच्या दांड्यावर बसवलेलं असतं, पाना फिरवला की वर-खाली होतं. खाली असलं की खुर्ची पडत नाही, पण रेलतही नाही. शिकवणाऱ्या बाई ते चाक मोजून तीन आटे वर घ्यायच्या. आणि दुसऱ्याच सकाळी चाकांत हवा भरताना बाप ते मोजून तीन आटे खाली आणायचा.

हो, सख्खा बापच!

भिंगरी नऊ वर्षांची असताना, त्याने स्वतःच्या हाताने जोडलेल्या खुर्चीतून ती मागच्या मागे पडली होती. डोक्याला चार टाके. ती तिसऱ्या दिवशी सगळं विसरून खेळायला लागली. हा मात्र आजतागायत विसरला नव्हता. बाईंना वाटायचं, नट ढिला पडतो. “काय भिकार माल बनवतात हो हल्ली!” म्हणत त्यांनी तीनदा नट बदलला, नटवाल्याशी कडाडून भांडल्या, शेवटी दांड्यावर नेलपॉलिशची लाल खूण केली. बापाने ती पुसली आणि लेकीच्याच बाटलीतलं नेलपॉलिश घेऊन खाली नवीन खूण केली. वर तोंड करून म्हणाला, “खरंय बाई, मालच तसा येतो.” खोटं बोलावं तर किती! पण बोलला खरा, आणि दोन वर्षं मूग गिळून बसला.

मग तो सामना आला. जिंकली तर भिंगरी देशाच्या संघात जाणार होती. आदल्या दिवशी दुपारी ती आईला कणीक मळून देत होती, आणि बाप हात पुसत दारात आला होता.

“उद्या हरले ना आई, तर मी सोडणार आहे. बाबांबरोबर दुकानात बसेन.”

“काहीतरीच काय!”

“काहीतरी नाही गं. मोठ्यांत माझी मजलच नाही. मागचा चेंडू आला की अंग उचलतच नाही. बाई काही बोलत नाहीत, पण मला कळतं. भित्री आहे मी.”

बाप तिथेच उंबऱ्यावर बसला.

“भित्री तू नाहीस,” तो म्हणाला. “मी आहे.” आणि त्याने सगळं सांगून टाकलं, आट्यांचं, नटाचं, लाल खुणेचंसुद्धा.

आईने कपाळाला हात लावला. भिंगरीने हाताला चिकटलेली कणीक सावकाश काढली.

“किती दिवस?”

“मोठ्या गटात गेलीस तेव्हापासून.”

“दोन वर्षं.” “पाठीत जोर कमी पडतोय म्हणून दोन वर्षं मी रोज पहाटे उठून व्यायाम करतेय बाबा. तुम्हीच चहा करून देत होतात मला.”

ती आत निघून गेली, आणि रात्री जेवायला बसली ती त्याच्याकडे पाठ करूनच.

सकाळी मैदानावर तिने पाना बापाच्या हातात दिला. “तुमच्या हाताने वर घ्या. बाई मोजतील.”

भिंगरीकडून सगळं ऐकून बाई मोजायला वाकल्या. एक, दोन, तीन. “आणि मी त्या बिचाऱ्या नटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला!” एवढंच त्या म्हणाल्या. बापाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पहिला सेट ती हरली. खुर्ची तिलाच नवखी वाटत होती. दुसऱ्यात तिचा अंदाज बसला आणि तो तिने खेचून आणला. तिसऱ्यात चार-चार अशी बरोबरी असताना चेंडू तोच आला, उंच, खांद्यामागे. भिंगरी रेलली, पार रेलली, चेंडू हाणला आणि खुर्चीसकट मागे उताणी पडली. खाडकन आवाज झाला.

बापाचा एक पाय कठड्यावर गेलाच होता. आईने मागून सदरा धरला. एवढ्यात खालून, आडव्या खुर्चीतून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज आला.

“बाबा, खाली बसा!”

लोक खो खो हसले. बाप बसला. चेंडू आत पडला होता, गुण तिचा होता. चेंडू वेचणाऱ्या दोन पोरांनी खुर्ची सरळ केली, तिने कोपर झटकलं आणि पुढचा चेंडू मागितला. तो सेट तिने सहा-चार घेतला.

सगळे भेटून गेल्यावर ती कठड्यापाशी आली. कोपर सोलवटलं होतं.

“लागलं?”

“लागणारच ना.”

“रागावली आहेस अजून?”

“आहे. दोन वर्षांचा राग एका दिवसात जाईल होय?” मग तिने त्याच्या सदऱ्याला नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. “पण खुर्ची अजून अडतेय बाबा. आणखी एक आटा वर हवा.”

“अर्धा,” तो म्हणाला.

“एक.”

“बाईंना विचारू आधी.”

“विचारलंय. एक.”

तो खुर्चीमागे उकिडवा बसला. त्याने एक आटा वर घेतला, पाना बाजूला ठेवला, लेकीच्या पाठीकडे बघत राहिला. मग पाना पुन्हा उचलला आणि कुणी न सांगता आणखी अर्धा आटा वर घेतला.