बोकडाच्या बदल्यातला बाजा

चिंधूनं बोकड विकून दारू प्यायली असती, तरी तानाबाई फार तर चार शिव्या हासडून गप्प बसली असती. दारूचं तिला निदान कारण तरी कळलं असतं. पण या माणसानं बोकड नेला नागपूरला आणि त्याच्या बदल्यात कबाड्याकडून हे धूड उचलून आणलं! आता यावर घरातल्या बाईनं काय बोलावं, तुम्हीच सांगा.

धूड म्हणजे बाजा. उभी केली तर चिंधूच्या डोक्यावर जाईल अशी लाकडी सारंगी. पोट एवढं, की त्यात ज्वारीचं पोतं आरामात मावावं. बोटाएवढ्या जाड चार तारा, त्यातली एक तुटलेली. आर्वीपर्यंत मोटारीच्या टपावर आणि तिथून पुढं बंडीत घालून तो गावात आला, तेव्हा वस्तीतली झाडून सगळी माणसं बघायला लोटली. म्हातारी सीताबाई त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "काऊन रे चिंधू, याच्यात झोपतेत का याच्यावर बसतेत?"

"वाजवतेत, बुढे. याले बेस म्हंतेत. कामठीच्या छावणीत गोरे साहेब वाजवत होते."

"मंग थे गेले तं हे काऊन ठेवून गेले?"

"नेता नाई आला," चिंधू म्हणाला, आणि का कोण जाणे, हसला.

ही अक्कल त्याला दिली तानाबाईच्याच भावानं, प्रेमदासनं. तो छावणीच्या क्लबात खानसामा होता. बाजा कसा धरतात, बोटानं कसा छेडतात, हे त्यानं खिडकीतून पाहिलेलं. बाजा घरात आला तेव्हापासून तानाबाई भावावरही चिडून होती. माहेरचा एकुलता एक माणूस, आणि त्यानंही बोकडाचा घात करावा!

खरी गोष्ट अशी, की बोकडापेक्षा तिला दुसरीच धास्ती होती. आदल्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. परत आल्यावर ठरलं: गावकीची कामं बंद. मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि डफडं वाजवायचं नाही. चिंधूसारखा डफडं वाजवणारा आर्वी तालुक्यात नव्हता. त्यानं मुकाट्यानं आपलं डफडं काखेत मारलं आणि वर्धा नदीत सोडून आला. तानाबाईला तर वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती दर पोळ्याला एकच बघत होती: पाटलाचे बैल झुली घालून पुढं यायचे आणि तिचा नवरा त्यांच्यापुढं अनवाणी, बैलांकडं तोंड करून, मागं मागं चालत वाजवत जायचा. हात सुजायचे. शेवटी पाटलाच्या ओट्यावरून एक पोळी वरूनच त्याच्या शेल्यात पडायची. नलू झाली त्याच दिवशी तानाबाईनं मनाशी ठरवलं होतं, माझी पोट्टी कोणाच्या बैलापुढं चालणार नाही. आणि आता डफडं गेलं म्हणेस्तोवर हा माणूस त्याच्या दसपट मोठा बाजा घरात आणून पोरीच्या गळ्यात बांधत होता!

हो, पोरीच्याच. "मी नाई वाजवत, नलू वाजवंल," चिंधूनं सांगून टाकलं. नलू म्हणजे चौथीतली पोर. तिचं डोकं जेमतेम बाजाच्या कमरेला लागायचं. चिंधूनं तिला पाटावर पाट ठेवून उभं केलं. तुटलेल्या तारेच्या जागी पिंजाऱ्याच्या पिंजणीची तात मागून आणून ताणली. कुठं दाबल्यावर कोणता सूर निघतो हे त्याला तरी कुठं ठाऊक होतं? बाप-लेक दोघं मिळून शोधत बसायचे, सापडला की बाजाच्या मानेवर तिथं सुताचा फेरा बांधायचे. महिनाभरात त्या बाजाची मान नवसाच्या झाडासारखी दिसायला लागली.

बोटांना फोड आले. तानाबाईनं हळद-तेल लावलं आणि पोरीच्या बापाचा उद्धार केला. पण खोटं कशाला बोला, पोरीचं शिकणं तिच्याच हातून पुढं सरकलं. एकदा ती अंगणात उखळात ज्वारी कांडत होती आणि इकडं नलूचं धुम-धुम कधी धावत होतं, कधी लंगडत होतं.

"घाई नोको करू," चिंधू म्हणाला. "मायच्या मुसळासंगं वाजव. मुसळ पडलं का तार."

"माहं मुसळ काय तुमच्या गायन पार्टीत भरती झालं काय?" तानाबाई कडाडली आणि मुद्दाम भराभर कांडू लागली. पोर मागोमाग आली. तानाबाईनं एकदम सावकाश केलं, पोरही सावकाश झाली. तिनं मुसळ हवेतच धरून ठेवलं. पोरीचं बोटही तारेवर थांबलं आणि ती मायकडं बघून खुदकन हसली. तानाबाईलाही हसू आलं, पण ते तिनं पदरात लपवलं, कारण समोर नवरा उभा होता. त्या दिवसापासून मात्र घरात कांडण जरा जास्तच निघायला लागलं.

वस्तीची गायन पार्टी नानाजींची. नानाजी पेटी वाजवायचे, गायचे, वस्तीच्या समितीचे अध्यक्षही तेच आणि भाषणही तेच करायचे. एवढा मोठा बाजा शेजारी उभा राहिल्यावर लोक आपल्याकडं बघतील का, ही त्यांना काळजी. म्हणून त्यांनी ठराव मांडला की बाजा मागं ठेवावा. मागं ठेवला तरी तो सगळ्यांच्या वरून दिसायचा. मग ठराव मागं घेतला.

हे सगळं चालू असताना पोळा जवळ आला, आणि वासुदेवराव पाटलांच्या घरात रडारड सुरू झाली. डफडं नाही तर पोळा फुटणार कसा? तोरणाखाली बैल उभे राहतात, लोक झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात, मग वाजलं की मानाचा बैल पुढं आणि पोळा फुटला. न वाजता पोळा फुटल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं. पाटील वस्तीच्या कडेला, चिंधूच्या अंगणाच्या टोकाच्या लिंबाशी येऊन उभे राहिले. आत यायचा रिवाज नव्हता. तिथूनच ओरडले, "चिंध्या! अबे डफडं घेऊन येजो पोळ्याले."

"डफडं नदीत गेलं जी पाटील."

"मंग दुसरं मढव."

"तेबी नदीत जाईल."

पाटील बडबडत गेले. त्यांचा मुलगा रूपराव वर्ध्याला कॉलेजात होता, म्हणजे घरातली सगळी अक्कल त्याच्याकडं. तो म्हणाला, बाबा, जमाना बदलला, फोनो आणू. आर्वीहून फोनो आला. त्याचा कर्णा बंडीवर बांधून रंगीत तालीम निघाली. चाक खड्ड्यात गेलं की सुई उडायची आणि तबकडीतली बाई तीच ओळ पुन्हा पुन्हा किंचाळायची. मानाच्या बैलानं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग भर रस्त्यात बसकण मारली. शेपूट पिरगाळलं, कडबा दाखवला, पाटलीणबाईंनी आरती ओवाळली. बैल काही उठेना. गावानं पोट धरधरून हसून घेतलं. पाटील दिसले की तोंड फिरवून.

त्या संध्याकाळी पाटील पुन्हा लिंबाशी आले, आणि नलू वाजवत होती. धुम... धुम... पाटलांचे कान टवकारले. ते चक्क लिंब ओलांडून आत आले.

"चिंधू," पाटील म्हणाले. 'चिंध्या'चा चिंधू झालेला तानाबाईनं लगेच टिपला. "तुमी डफडं सोडलं, समजलं. धर्माची गोष्ट हाय, म्या काई म्हनत नाई. पन हे काई डफडं नाई ना?"

"नाई जी."

"मंग हे वाजवाले काय हरकत हाय? पोट्टी बैलापुढं वाजवंल. बंडी देतो, मानसं देतो."

तानाबाई परात हातात धरूनच दारात आली. आता हा माणूस तोंडावर 'नाई' म्हणेल, या आशेनं तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"वाजवंल," चिंधू म्हणाला. "पन दोन गोष्टी. गानं आमचं राहील. आन् बाजा म्हनंल तसं व्हाव लागंल."

"बाजा म्हनंल तसं!" पाटील खो-खो हसले. "अरे, मंजूर!"

ते गेल्यावर तानाबाईनं परात आपटली. "एका हातानं नदीत सोडलं आन् दुसऱ्या हातानं पोरीले बैलापुढं उभी करून राह्यले? तुमाले लाज कशी नाई वाटत?" चिंधू बाजाच्या मानेवर सुताचा फेरा बांधत राहिला. नानाजींनीही समितीची बैठक बोलावून लांबलचक भाषण केलं, त्यावर चिंधू एवढंच म्हणाला, "आपन पोळ्यात जात नाई. पाहू तं खरं." तानाबाईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पोळ्यापर्यंत त्याला भाकरी मिळाली, पण तिच्याबरोबर एक शब्द मिळाला नाही. कांडताना मात्र तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि पोर विचारायची, "माय, धूर लागला काय व?"

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली. गावची गुरं जमायच्या आखरावर तोरण बांधलं होतं, बैल सजून उभे होते. पाटलाची चार माणसं बंडी घेऊन आली. बाजा अंगणात लिंबाखाली उभा होता, नलू नवा परकर घालून पाटांवर. माणसांनी हुंऽ करून बाजा उचलला, आणि एवढ्यात त्यातून असा ढर्रर्र आवाज निघाला की एक जण दचकून मागं झाला. पिंजाऱ्याची तात ढिली पडून लोंबायला लागली होती.

"पाह्यलं?" चिंधू कपाळाला हात लावून म्हणाला. "हलवला का सूर उतरते. मंग जुळवाले सकाळ होते."

तानाबाईनं मात्र पाहिलं होतं. माणसांनी बाजाला हात घातला तेव्हा नलूचा हात खुंटीवर होता, आणि आता तोच हात पाठीमागं लपला होता. बापाकडं न बघता पोर आभाळाकडं बघत होती.

निरोप गेला, पाटील स्वतः धावत आले. मागून रूपराव.

"चिंधूजी, हे काय मांडलं?" पाटील घामाघूम झाले होते. "बैलं ताटकळले, लोकं शिव्या देऊन राह्यले. पोट्टीले गळ्यात अडकवून चालाले सांग!"

"पाटील, हा बाजा चालत नाई. मातीले टेकला तरच बोलते, आन् जिथं उभा केला तिथंच बोलते. बाजा म्हनंल तसं, असं तुमीच मंजूर केलं ना जी."

"मंग माह्या बैलापुढं वाजंल कसा?"

"बैलं चालतेत का नाई?" चिंधूनं विचारलं. "बैलंच आना इथं."

पाटलांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांनी लिंबाकडं पाहिलं, वस्तीकडं पाहिलं, मावळतीकडं पाहिलं. दिवस बुडायच्या आत पोळा फुटला नाही तर वर्षभर गाव काय बोलेल, तेही त्यांना दिसत असावं. रूपराव हळूच म्हणाला, "बाबा, फोनो अजून बंडीतच आहे." पाटलांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरकला.

आणि मग गावानं आजवर न पाहिलेली गोष्ट पाहिली. आखरावरचं तोरण सोडलं, चार जणांच्या खांद्यावरून वस्तीत आणलं, एक टोक लिंबाला आणि दुसरं चिंधूच्या वळचणीला बांधलं. पाठोपाठ सगळ्या गावचे बैल, झुली, घुंगरू, गोंडे, आणि सर्वांत पुढं मखर बांधलेला मानाचा बैल, त्याची दोरी धरून वासुदेवराव पाटील. सकाळपर्यंत लागणारं जुळवणीचं काम नलूनं खुंटीला दोन पीळ देऊन उरकलं. नानाजींनी पेटीवर सूर धरला. आधी त्यांना भाषण करायचं होतं, पण बैल बघून ते विसरले.

धुम. बैलांचे कान हलले. धुम. धुम. नानाजींनी गाणं उचललं, बुद्धाचं, वस्तीनं स्वतः रचलेलं. मानाचा बैल उभा राहून ऐकत होता; फोनोसारखं त्याला इथं काही खटकलं नसावं. नलू पाटांवर उभी होती म्हणून तिला खाली बघून वाजवावं लागत होतं, आणि खाली पाटील उभे होते. मध्येच निघून जाता येत नव्हतं. गाणं संपल्याशिवाय पोळा फुटणार कसा?

पोरगी जराशी धावायला लागली तशी तानाबाई न राहवून उखळाशी गेली आणि रिकाम्या उखळात मुसळ टाकलं. धप. नलूनं मान न वळवता ताल धरला.

गाणं संपलं, गावाचं "हर हर महादेव" झालं, पोळा फुटला. बैल दारात आला की त्याला खाऊ घालायचं, ही तर गावभरची रीत. तानाबाईनं भाकरीवर गूळ ठेवला आणि सरळ मानाच्या बैलापुढं धरला. वरून टाकला नाही, तोंडाशी धरला. बैलानं एका घासात संपवला आणि आणखी हवा म्हणून तिचा हात चाटला. पाटील तेवढा वेळ लिंबाची पानं बघत राहिले.

गर्दी ओसरली. दिवस बुडता बुडता चिंधू बाजाच्या तारा पुसत बसला होता. तानाबाई त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, किती दिवसांनी.

"पोरीले सांगितलं, मले काऊन नाई सांगितलं?"

"तुह्या तोंडावर सगळं दिसते व. पाटलानं वाचलं असतं."

तिनं बाजाच्या मानेवरचे सुताचे फेरे चाचपले. मग म्हणाली, "कबाड्याकडं हाच एक बाजा होता काय?"

"लय होते. पिपाण्या होत्या, ढोल होते, गळ्यात अडकवाचे लहान-मोठे सगळे होते." चिंधू तार पुसता पुसता थांबला. "म्या एकेक बाजा गळ्यात अडकवून दुकानात चालून पाह्यला. कबाड्या हसून राह्यला होता. जो घेऊन चालताच येत नव्हता, थोच घेतला."

तानाबाईनं त्या धुडाकडं पाहिलं. मग पदरानं त्याच्या पोटावरची धूळ पुसली.

"बोकड मरतुकडाच होता तसा," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.