चौथं कडवं

आमच्या दरीतल्या शाळामास्तरांनी कविता लिहिली तेव्हा तिच्यात पाच खाणगावं होती, प्रत्येकाचं एक कडवं. पाचवं आमचं, नांतवेन. मग कुणी परदेशी गिटारवाला आला, त्यानं तिला चाल लावली आणि चारच कडवी ठेवली. आमचंच गाव गाळलं मेल्यानं! गाणं जगभर गाजलं आणि आम्ही बसलो हात चोळत.

माझा नवरा इडवल दरीतल्या गायकमंडळाचा मुख्य गायक. त्याचे वडील नांतवेनच्या स्फोटात गेले. आग विझेना म्हणून खाण तशीच बुजवली, माणसं आतच राहिली. थडगं नाही, काही नाही. म्हणून यंदा दरीतल्या खाणीत गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला हे गाणं ठरलं तेव्हा तो हटूनच बसला, "नांतवेन नसेल तर मी गाणार नाही."

मंडळाकडून गाणं बसवून घेणारा गेथिन वैतागला. "काका, चाल चौथ्या कडव्यात उतरते आणि संपते. पाचवं कुठे कोंबू, तुमच्या डोक्यावर?"

"मग चौथं काढ की," मीच म्हणाले. चौथं ब्रिनगोव्हचं. तिथली खाण बंद, वस्ती उठलेली. कोण विचारतंय? गेथिन तयार झाला. मग काय, इडवल अंघोळ करतानाही नांतवेनचं कडवं घोळवायचा.

स्मृतिदिनाला चर्च खच्चून भरलं. गाण्याआधी मी चहा देत होते. पहिल्या बाकावर काळी टोपी घातलेली एक म्हातारी दिसली. "कुठल्या तुम्ही?" मी विचारलं.

"ब्रिनगोव्हची. नवरा तिथंच खाली राहिला. आता गाव गाण्यातच उरलंय ना, म्हणून आले."

इडवल माझ्या शेजारीच होता. त्यानं कप ठेवला आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

तीन कडवी झाली. चौथं त्यानं एकट्यानं उचलायचं होतं. त्यानं ब्रिनगोव्हचं उचललं. मागचे सगळे गडबडले, मग सावरून त्याच्यामागे गेले. म्हातारी शब्दन् शब्द सोबत म्हणत होती.

मी भयंकर चिडले. घरी जाताना म्हटलं, "अरे, एवढा हट्ट केलास तो कशासाठी?"

"बाबांसाठी आपण आहोत, मोरविद. ती बिचारी एकटी आली होती, बसनं."

"मूर्ख आहेस," मी म्हणाले आणि त्याचा हात धरला.

चढावर तो थांबला. एवढा मोठा माणूस, पण हुंदके देऊन रडायला लागला. "बाबांचं राहिलंच गं," म्हणाला.