ऑगस्टीन एक फटका सोसत नाही

“वैनी, हाऊजीची तिकिटं त्या पलीकडच्या टेबलावर,” मी म्हटलं. “इथं पोरांच्या मोबाइलवरच्या मारामाऱ्या आहेत.”

“हाऊजी नको मला,” आल्बिना वैनी म्हणाली आणि जागची हलली नाही. “रोवेना, माजं नाव लिव.”

रोवेना आमच्या यूथ ग्रुपची. पेन हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली, कारण गावच्या सणाच्या कमिटीत मी होतो आणि मोबाइलच्या या स्पर्धेला सगळ्यात मोठ्यानं विरोध मीच केला होता. सणाला माणसांनी मिस्सा ऐकावी, जेवावं, हाऊजी खेळावी. हॉलमध्ये पडदा लावून राक्षसांच्या झुंजी कसल्या लावता? पण फादरच पोरांच्या बाजूनं बोलले, आणि फादरांपुढे माझंही चालत नाही. मी रोवेनाला डोळ्यानंच खुणावलं, लिही बाई. म्हातारीचं मन राखावं. पहिल्या फेरीत हरेल आणि येईल मुकाट्यानं हाऊजीला.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, वॉल्टरची बायको. वॉल्टर गेला, लेक नॅन्सी लग्न होऊन बोळिंजच्या टॉवरमध्ये राहायला गेली, आणि वाडीतल्या घरात वैनी एकटी उरली. तिचं घर आणि माझं घर शेजारी, मध्ये सामाईक विहीर. घरातल्या कुठल्याही लग्नाचा फोटो काढा, वैनी कडेला, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी दिसेल. आवाज चढवण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं. माझा राग नाकावर, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. विहिरीच्या पाण्याची पाळी दोघांत वाटलेली, माझा मोगरा सुकायला लागला की मी बांधावर उभा राहून ओरडायचो, आणि वैनी म्हणायची, “घे, माजी पाळी जाऊ दे.” मला वाटायचं, गरीब गाय आहे बिचारी. संध्याकाळी विहीर पुन्हा भरली की ती सावकाश आपला पंप लावायची. मोगरा तिचाच चांगला यायचा, पण त्याचा विचार मी कधी केला नव्हता.

अलीकडे तिचं काहीतरी बिनसलं होतं. एकदा गॅस तसाच चालू राहिला. रोवेनाला ती प्रिस्का म्हणून हाक मारायला लागली. प्रिस्का म्हणजे रोवेनाची आजी, केव्हाच देवाघरी गेलेली. हे एकवेळ वयाचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मग हिल्डा आली. हिल्डा पलीकडच्या घरातली, कान भिंतीला आणि तोंड गावाला. भर दुपारी वैनीच्या खिडकीतून तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं.

“वॉल्टर, मर तू आता. तुजं काम झालं. ऑगस्टीनला बोलवते.”

ऑगस्टीन म्हणजे मी. आता बोला! मेलेल्या नवऱ्याला पुन्हा मारायचं आणि दिराला बोलवायचं. गावात याची चर्चा किती चवीनं झाली असेल ते सांगायला नको. मी रागानं लाल झालो, मग घाबरलो, मग नॅन्सीला फोन लावला. वैनीचं डोकं ठिकाणावर नाही, तिला एकटं ठेवणं बरं नाही, असं मीच ठासून सांगितलं. सण झाला की त्याच संध्याकाळी वैनीनं बोळिंजला जायचं, घर बंद करायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. नॅन्सी गाडी घेऊन आली होती. वैनीला सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी जेवणं होईपर्यंत टाळत होतो.

जेवणं झाली. हाऊजी अर्ध्यावर आली तरी वैनी मंडपात दिसेना. मी हॉलमध्ये डोकावलो. वैनी स्टेजवर बसली होती, चष्मा नाकावर, फोन मांडीवर. समोर मर्विन. हा पोरगा वसईपासून विरारपर्यंतच्या स्पर्धा मारून येतो म्हणे.

“पहिल्या फेरीत एवढा वेळ?” मी रोवेनाला विचारलं.

“काका, ही फायनल आहे,” ती म्हणाली.

मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एक दगडी बैल गुडघ्यावर आला होता आणि त्याच्या डोक्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘वॉल्टर’.

“आंटीने सगळ्यांना घरची नावं दिलीत,” रोवेना कुजबुजली. “चार असतात टीममध्ये. नॅन्सी ती चिमणी, आली की उडाली. ती मघाशीच गेली. आल्बिना ती शिंपलेवाली. मार खात बसते, हलत नाही. आणि ऑगस्टीन...”

“ऑगस्टीन काय?”

“तो स्वीपर आहे, काका.”

“म्हणजे झाडूवाला?”

“समोरची अख्खी टीम झाडून काढतो तो. असला हार्ड मारतो ना! पण सोसत काहीच नाही. एक हिट बसली की खल्लास. चुकीच्या टायमाला बाहेर काढला तर फुकट जातो.”

मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून पाहिलं, तेव्हा सगळे गंभीर होते.

“मर तू आता, वॉल्टर,” वैनी शांतपणे पुटपुटली. “तुजं काम झालं.” दगडी बैल पडद्यावर कोसळला. म्हणजे हिल्डानं ऐकलं होतं ते हे! माझ्या डोळ्यांसमोर नॅन्सीला केलेला तो फोन उभा राहिला.

आता वैनीकडे दोन उरले होते, मर्विनकडे तीन. समोर त्याचा एक लोखंडी खेकडा, नांग्यांतून विष गाळणारा. पोरं ओरडायला लागली, “आंटी, ऑगस्टीनला काढा! ऑगस्टीन!” माझं नाव असं हॉलभर कधी घुमलं नव्हतं. वैनीनं मान हलवली आणि शिंपलेवालीला पाठवलं.

खेकड्यानं तिला डंख मारला. रोवेनानं मला समजावलं की हे विष आता दर पाळीला तिला थोडं थोडं खाणार. शिंपलेवाली तशीच बसून राहिली. पुन्हा मार बसला. तिची हिरवी पट्टी पिवळी झाली, मग लाल. वैनीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. विहिरीवर बसून पाणी चढायची वाट बघताना ती अशीच बसायची, ते मला तेव्हा आठवलं.

मग शिंपला किंचित उघडला. आतून पांढरा धुरळा उडाला आणि खेकडा जागच्या जागी झोपला. दुसऱ्याच क्षणी विषानं आपलं काम केलं आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘आल्बिना पडली.’

वैनीनं ती पुरती वाचली. मग म्हणाली, “ये रे आता.”

आणि ऑगस्टीन आला. लालबुंद, काटकुळ्या पायांचा, छाती पुढे काढलेला, आणि नाकातून भसाभसा धूर सोडणारा. हॉल असा हसला की पत्रे वाजले. फादरसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसत होते. एरवी मी तिथेच कुणाची तरी कॉलर धरली असती. पण खरं सांगतो, मला त्या प्राण्यावरून नजर काढता येत नव्हती. खेकडा झोपलेला आणि ऑगस्टीनला एक ओरखडाही नाही. तो कोरडा आत यावा म्हणून वैनीनं आल्बिनाला पडू दिलं होतं.

“मार!” मीच ओरडलो. “वैनी, झोपलाय तो, मार!”

वैनीनं मारलं नाही. ऑगस्टीन नुसता उभा राहिला, डोळे मिटले आणि लांब श्वास घ्यायला लागला. पोरांनी कपाळावर हात मारले. हातातली पाळी तिनं सोडून दिली होती. मर्विनचा चेहरा मात्र पांढरा पडला. हॉलमध्ये त्याला एकट्यालाच कळलं होतं.

खेकडा जागा झाला. तो नांगी उचलायच्या आत, सोडलेल्या पाळीत दुप्पट जोर साठवून, ऑगस्टीननं डोळे उघडले. अख्खा पडदा लाल झाला आणि खेकडा नव्हता. मर्विननं दुसरा पाठवला, शिंगांचा कसलासा डोंगर. तो पुरता उभाही राहिला नाही. तिसरा आला, गेला. तीन फटके. पुढून कुणाला हात उचलायची संधीच मिळाली नाही. पडद्यावर ऑगस्टीन एकटा उभा होता आणि नाकातून बारीक धूर निघत होता. इतकी वर्षं शेजारी राहून मी या बाईला ओळखलंच नव्हतं. माझ्या रागाचंही काही सोनं होऊ शकतं, फक्त तो कधी बाहेर काढायचा हे कुणीतरी शांत डोक्यानं ठरवायला हवं, हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

मर्विन उठून तिच्याकडे आला. “आंटी, ती पाळी सोडायची डेअरिंग कशी केली?”

“विहीर भरू द्यावी लागते रे,” वैनी म्हणाली.

हॉलबाहेर नॅन्सी उभी होती. तिनंही दारातून सगळं पाहिलं होतं आणि तिचे डोळे भरले होते. “मम्मी, पप्पांचं नाव... हे तू आम्हाला सांगायचं ना!”

“कोनी इचारलं काय?” वैनीनं फोन पर्समध्ये ठेवला. “नावं सटकतात आताशा. अगदी जवळच्यांची पन. तोंड समोर असतं नि नाव येत नाय. म्हनून यांना दिली घरची नावं. रोज दुपारी समोर येतात, मग राहतात डोक्यात.” तिनं बाहेरच्या गाडीकडे पाहिलं. “गाडी कशाला आनली ते मला कळतं, नॅन्सी. गॅस राहिला होता, ते पन खरं हाय.”

नॅन्सीनं माझ्याकडे पाहिलं. “काका, मग काय करायचं आता?”

माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘कुठं जायची नाही ती! बघतो कोण नेतो!’ अगदी नाकापर्यंत आलं होतं. मी श्वास घेतला आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी पाळी जाऊ दिली.

वैनीनं घाई केली नाही. “मोगरा सरू दे यंदाचा,” ती शेवटी म्हणाली. “मग येते बोळिंजला. मी फोन करीन तवा न्यायला ये, त्याच्या आधी नाय. तवर सिलिंडर काढून ठेवू. जेवन ह्याच्याकडं.” तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

नॅन्सीनं मान डोलावली आणि रिकामी गाडी घेऊन गेली. मी वैनीबरोबर वाडीपर्यंत चालत आलो. मोगऱ्याच्या कळ्या भरल्या होत्या. फाटकातून आत जाऊन ती वळली, मला काही सांगायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी फाटकापाशीच उभा राहिलो.

तिनं पर्समधून फोन काढला, चष्मा सारखा केला. तो लाल प्राणी धूर सोडत पुढे आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“ऑगस्टीन,” ती म्हणाली, “फाटक लाव रे.”

मी फाटक लावलं.