हर्षाली काय घेतेय?

मोहिनीला थोरल्या जावेचं काही म्हणजे काही बघवत नसे. खालच्या मजल्यावर योगिनीताईंनी नवा मिक्सर आणला की वरच्या मजल्यावरचा मिक्सर त्याच आठवड्यात बिघडायचा. आपोआप बिघडायचा की कसा, ते देवाला ठाऊक. सिडकोतलं दोन मजली घर सासऱ्यांनी बांधलेलं, खाली थोरला, वर धाकटा. थोरल्या दिरांचं दिंडोरीला द्राक्षांच्या औषधांचं दुकान, मोहिनीचा संतोष अंबडच्या कारखान्यात. इतकंच असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण दोघींना मुली झाल्या, खाली हर्षाली, वर निकिता, त्याही एकाच वर्षी, आणि आता दोघी एकाच शाळेत, दहावीच्या एकाच वर्गात. म्हणजे जळायची सोय अगदी घरपोच!

गौरी यायच्या आधी चार दिवस निकिता शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि दारातूनच म्हणाली, "आई, बोर्डाला गणिताचा कोणता पेपर द्यायचा ते गौरी गेल्या की लगेच शाळेत सांगायचंय. स्टँडर्ड की बेसिक. पुस्तक तेच, शिकवणंही तेच, फक्त बेसिकचा पेपर सोपा असतो. पुढे गणित घ्यायचं असेल त्यांनीच स्टँडर्ड घ्या, म्हणाले सर. मला तर..."

"हर्षाली काय घेतेय?" मोहिनीने विचारलं.

निकिताने दप्तर उचललं. "मला नाही माहीत," म्हणून ती आत गेली.

आता हिला वकील व्हायचंय हे घरादाराला ठाऊक. वाद घालण्यात तर पोरगी अशी पटाईत, की रिक्षावाले हात जोडतात. वकिलाला कुठे लागतोय तो साइन थीटा? त्रिकोणमितीच्या चाचणीला जायच्या आधी तिला मोरीत उलट्या व्हायच्या. आणि सरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, स्टँडर्डला बसलीस तर राहशील. हे सगळं मोहिनीला माहीत होतं बरं का! पण खालची स्टँडर्ड घेणार आणि आपली बेसिक? छे! त्या विचारानेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"स्टँडर्डच घ्यायचं," तिने जेवताना फर्मान काढलं. "बेसिक म्हणजे कपाळावर ढ म्हणून शिक्का."

निकिता वाद घालेल असं तिला वाटलं होतं. पोरगी ताटातला भात तसाच ठेवून उठली.

गौरी खालीच बसत, थोरल्यांकडे. दोघी जावांनी मिळून बसवायच्या अशी सासूबाईंची रीत. ज्येष्ठेला योगिनीताई साडी नेसवायच्या, कनिष्ठेला मोहिनी. आणि दरवर्षी मोहिनी कनिष्ठेच्या निऱ्या अशा काही चापूनचोपून घालायची, की बायकांनी आधी तिच्याकडेच बघावं. देवीच्या बाबतीतही सोडायची नाही, काय बोलावं!

पूजनाच्या दिवशी कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. त्यांत लंकाबाई. त्यांना एक गोष्ट सांगितली की वेगळा लाऊडस्पीकर लावायला नको. त्यांचा नातूही यंदा दहावीला.

"काय गं, पोरींनी कोणतं गणित घेतलं?" लंकाबाईंनी कुंकू लावून घेता घेता विचारलं.

"आमच्या निकिताचं स्टँडर्ड!" योगिनीताईंनी तोंड उघडायच्या आत मोहिनी बोलून मोकळी. "म्हटलं, घ्यायचं तर अवघडच घ्यावं."

योगिनीताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग पुरणपोळीवर तूप सोडत शांतपणे म्हणाल्या, "हर्षाली बेसिक देतेय. तिला हॉटेलचं शिकायचंय, उगाच कशाला डोकं फोडायचं."

अहाहा! पंधरा वर्षांत पहिल्यांदा मोहिनीला जिना चढताना पायाखाली ढग लागले. बेसिक! खालची बेसिक! वर येऊन तिने निकिताला मिठीच मारली. निकिता लाकडासारखी उभी राहिली.

तो आनंद एक रात्रसुद्धा टिकला नाही. सकाळी गौरींच्या निरोपासाठी शेवयांची खीर करायला ती खाली उतरली, तर हर्षाली मोठमोठ्याने गात पाट पुसत होती. आणि आपली वर मोरीत ओकत होती. आता मोहिनीला ते गाणंसुद्धा बघवेना. ही गाते कशी? हिच्या आईला लाज कशी वाटत नाही?

"मोहिनी," योगिनीताई दूध ढवळत म्हणाल्या, "निकिताला स्टँडर्ड झेपेल का गं? महिन्यापूर्वी माझ्याजवळ किती रडली. म्हटलं, आईला सांग. तर म्हणे, मोठ्याई, तिला नका सांगू. तिला काहीही सांगितलं तरी ती आधी हर्षालीचं विचारते."

मोहिनीच्या हातातून वेलदोडे सांडले.

मिक्सर, साड्या, दिंडोरीचं दुकान, सगळं एकीकडे. एवढी आग तिच्या पोटात कधी पडली नव्हती. पोरगी रडली, ती हिच्या मांडीवर! माझी पोरगी! तिला वाटलं, हिचं दूध उतू जावं, खीर करपावी. मग तिला आठवलं, त्या दिवशी दारात उभ्या पोरीला आपण नेमकं काय विचारलं ते. ती वेलदोडे वेचायला खाली वाकली आणि बराच वेळ वर उठली नाही.

मग ती जिना चढून गेली. निकिता तोंड धुऊन बाहेर आली होती.

"बेसिक घे तू," मोहिनी म्हणाली.

निकिताने टॉवेल तोंडावरून काढला. "हर्षालीने घेतलं म्हणून?"

नाही म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार होतं? मोहिनी तशीच खाली आली.

संध्याकाळी निरोपाला त्याच बायका जमल्या. दहीभात, खीर, अक्षता. लंकाबाईंनी निकिताची हनुवटी धरली. "हीच का ती स्टँडर्डवाली? आमच्या नातवाला शिकव गं जरा."

"नाही लंकाबाई," मोहिनी म्हणाली. "निकिता बेसिक देणार आहे. तिला तेच हवं होतं. स्टँडर्ड मला हवं होतं. ताईंच्या नाकावर टिच्चून सांगायला."

लंकाबाईंनासुद्धा काही सुचेना, यावरून काय ते समजा. योगिनीताईंनी गौरींवर अक्षता टाकल्या आणि मोहिनीच्या हातात खिरीची वाटी दिली. मोहिनीला ती वाटीसुद्धा झोंबली. चांगुलपणातही हीच पुढे! पण तिने खीर खाल्ली. चांगली झाली होती, मेली.

बायका गेल्यावर निकिता हळूच तिच्या शेजारी येऊन बसली.

"आई, सायन्सच्या चाचणीचे मार्क मिळालेत. फार वाईट आहेत." आणि मग आणखी हळू म्हणाली, "मोठ्याईला अजून सांगितलं नाही."

हर्षालीला किती, हे मोहिनीच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते दहीभाताच्या घासाबरोबर गिळलं.

"सांग," ती म्हणाली.