कपाटामागची डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी डिस्क आहे, रक्तपेढीतल्या कपाटामागे धूळ खात बसलेली. नवी होते तेव्हा माझे कोण कौतुक! आता साफसफाईच्या मावशी माझ्यावर फडकी वाळत घालतात. माझे काम मात्र चुकत नाही. रोज रात्री मी कॉम्प्युटरमधली सगळी माहिती उतरवून घेते आणि दिवसभरातला एकेक बदल वेळेसकट टिपून ठेवते.

त्या दिवशी वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटरवाला दादा मुदत संपलेल्या पिशव्यांच्या नोंदी पुसायला आला. घाईत तारीख घालायची राहिली आणि सगळ्याच नोंदी पुसल्या गेल्या. फ्रिजमध्ये रक्त होते, पण कोणती पिशवी तपासून झाली आहे, हे कुणालाच सांगता येईना. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्या गटाच्या पिशव्या आज सकाळीच तपासल्या होत्या, त्यामुळे माझ्याजवळची कालची प्रत पुरणार नव्हती. तिची आई खिडकीशी येऊन उभी राहिली.

"नक्की कधी पुसलंस?" रक्तपेढीच्या ताईंनी विचारले.

"सव्वाअकराला. समोर घड्याळात बघितलं ना मी!"

दादाने सव्वाअकराच्या जरा आधीपर्यंतची माहिती माझ्याकडे मागितली. मी ती दिली. स्क्रीन रिकामीच! चूक सव्वाअकराच्या बरीच आधी झाली होती, हे मला ठाऊक होते. पण मला तोंड कुठे आहे? जीव नुसता तळमळत होता.

"अहो, लवकर करा ना," आई म्हणाली. "तिकडे माझी लेक..."

ताईंनी भिंतीकडे पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! ते घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. सगळे उशिरा येतात म्हणून मीच करून ठेवलंय!"

दादाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी अकरालाच थांबायला सांगितले. जपून ठेवलेले सारे मी भराभर देत गेले. सकाळच्या नोंदी दिसू लागल्या. ताईंनी पिशवीवरचा नंबर दोनदा ताडून पाहिला आणि त्या स्वतःच जिन्याकडे धावल्या.

बाळंतीण वाचली. संध्याकाळी ताईंनी घड्याळ बरोबर लावले. दुसऱ्या दिवशी निम्मी मंडळी उशिरा आली, पण कुणीही बोलणी खाल्ली नाहीत.

मित्रांनो, आम्हाला कपाटामागे ठेवून निर्धास्त होऊ नका. काही बिघडलेले नसताना, निवांत वेळी, दिलेले परत मागून पाहा. दादाने माझ्याकडे ते पहिल्यांदा मागितले, तेव्हा खिडकीशी एक आई उभी होती.