गादीखालची ओल

सोमवारी निघायचं होतं. त्याआधीचा आठवडा ट्रेलर अंगणात उभा करून आम्ही तिघांनी त्यातच झोपायचं, असा माझा आणि सासूबाईंचा तह झाला होता. पोरगी धड झोपली तर आम्ही दोघी नवऱ्याबरोबर जाणार. नाहीतर तो एकटा, पाच महिने. तो पुलांची तपासणी करतो. जिथे पूल तिथे तो, आणि तिथे राहायला घर मिळेलच असं नाही. गेल्या खेपेला तो एकटाच गेला होता. परतला तेव्हा भिंगरी, म्हणजे आमची चार वर्षांची लेक, दाराआडून त्याच्याकडे बघत मला म्हणाली, "हे काका जेवून जाणार का?" तो हसला. मग नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला. मी तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा हे होऊ द्यायचं नाही.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली, तीन पावलांत संपणारी. मागच्या भिंतीला लागून प्लायवुडची लांबलचक पेटी, तिच्यावर फोमचे तीन तुकडे. दिवसा ते सुटे केले की बसायची बाकं, रात्री जोडले की पलंग. जोड नेमका माझ्या कमरेखाली यायचा. पहिल्या सकाळी मी उठले ती काटकोनातच.

"झाली का झोप?" सासूबाईंनी विचारलं.

"छान झाली," मी दाराची चौकट धरून म्हटलं.

"दिसतंय."

त्याच दिवशी मी वर्तमानपत्रं चिकटवून पलंगाचं कागदी माप काढलं, कोपऱ्यांच्या गोलाव्यासकट, आणि गादीवाल्याकडे गेले. तो कागद उलटासुलटा करत म्हणाला, "ताई, गादी शिवायचीय की अंगरखा?" पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने एकसंध गादी दिली, खाली घट्ट थर, वर मऊ.

"आता बाकं नाहीत. जेवायचं कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"पायरीवर. पूल बघत."

गादीखाली मी जाड प्लास्टिक अंथरलं, खालून गार लागू नये म्हणून. खिडक्यांच्या फटीत टॉवेल कोंबले. छताच्या झरोक्याला उशी लावली. नवरा म्हणाला, "आपण झोपायला चाललोय की बरणीत मुरायला?" मी लक्ष दिलं नाही. पोरीला सर्दी झाली की तह संपलाच.

गुरुवारी सकाळी भिंगरीच्या बाजूची चादर ओली लागली. गादीची कडही ओली.

"अगं, मला उठवायचं ना," मी म्हटलं.

"मी नाही केली."

"मग काय मी केली?"

तिने विचार केला. "बाबांनी."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "सहा महिने झाले पोरीने अंथरूण भिजवणं सोडून. जागा बदलली की पोरं बिथरतात. मी म्हटलं नव्हतं?"

त्या दिवशी मी संध्याकाळपासून तिचं पाणी तोडलं. रात्री दोनदा उठवून नेलं. शुक्रवारी सकाळी पुन्हा ओलं. माझा चेहराच बोलला असणार. कारण दुपारी झोपवायला नेलं तर भिंगरी पलंगावर चढेना. खाली पायपुसण्यावर मुटकुळं करून पडली. "मी इथेच झोपते. गादी खराब नको व्हायला."

एवढ्या फिरत्या पोरीला मी दोन दिवसांत पायपुसण्याएवढी केली होती.

चादर धुवायला ओढली आणि सहज नाकाशी नेली. वासच नव्हता. चार वर्षं हिचे कपडे धुतेय मी, आणि ही गोष्ट मला दोन दिवस सुचू नये! मी गादी उचलली. प्लास्टिकवर थेंबच थेंब. भिंगरीच्या जागी होते, माझ्या जागी होते, आणि नवऱ्याच्या जागी तर थारोळं.

त्याला हाक मारून दाखवलं. तो घाईघाईने म्हणाला, "मी नाही केली."

मग मी खिडकीचा टॉवेल काढला. काचेवरूनही पाणी ओघळत होतं, पातेल्याच्या झाकणाला आतून सुटतं तसं. तीन माणसांचा रात्रभराचा श्वास आणि घाम, बाहेर जायला फट नाही. तो गादीतून खाली झिरपत होता आणि गार प्लास्टिकवर पाणी होऊन बसत होता. ओल माझ्या काळजीनेच आणली होती.

मी भिंगरीला कडेवर घेतलं. "तू नव्हती केलीस गं. माझं चुकलं."

"मग बाबांनी?"

"कुणीच नाही. हे श्वासाचं पाणी." मी काचेवर हाः केलं. मग तिने केलं. मग सगळ्या काचांवर केलं.

गादी उन्हात टाकून मी कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे ड्रिल मागायला गेले. "चांगल्या पेटीला भोकं? किती पाडणार?" त्यांनी विचारलं.

"वारा जाईल इतकी."

"नवऱ्याला पाठव. हात भरून येतील तुझे."

"येऊ देत."

आलेच. बोट जाईल एवढी भोकं, वीतभर अंतरावर, पेटीभर. भुसा केसांत गेला, दातांखाली आला. नवऱ्याने वरून आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे गादी अधांतरी राहील आणि खालून वारा खेळेल. प्लास्टिकची मी घडीसुद्धा घातली नाही, तसंच कचऱ्यात टाकलं. शेवटी झरोक्याची उशी काढली आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवली. खरं सांगते, त्या सगळ्या भोकांपेक्षा ही दोन बोटं जड गेली. त्या रात्री मी भिंगरीच्या पायांना किती वेळा हात लावून पाहिला ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी गरम होते.

शनिवारी गादी कोरडी होती. रविवारी सासूबाई स्वतः आत आल्या. भिंगरी अजून पसरली होती, आडवी, अख्खा पलंग व्यापून. सासूबाईंनी बाह्या सावरल्या आणि गादीखाली कोपरापर्यंत हात घातला. एकदा या टोकाला, एकदा मध्ये, एकदा भिंतीकडे. हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"खिडकी उघडीच होती?"

"हो."

"शिंकली?"

"एकदाही नाही."

त्या गादीच्या कडेवर टेकल्या. जरा हलून पाहिलं. नातीच्या तोंडावरचे केस बाजूला केले आणि तिच्याकडेच बघत विचारलं, "उद्या किती वाजता निघताय?"

"सहाला."

"सातला निघा," त्या म्हणाल्या. "पोरीची झोप मोडू नका."